चार वाजता आई काय करते

रंगाऱ्याच्या तोंडून निघालेल्या कुठल्याही आकड्याला दहाने भागायचं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याची बायको वीसने भागायची.

एका हिवाळ्यात म्हणे अशी थंडी पडली, की ब्रशवरचा रंग भिंतीला लागायच्या आधीच गोठायचा. मग या पठ्ठ्याने तो पत्र्यासारखा सोलून काढला आणि खिळे ठोकून भिंतीवर बसवला. घरमालकाला पत्ता लागला तो थेट उन्हाळ्यात, सगळी भिंत एका दुपारी वितळून त्याच्या गालिच्यावर आली तेव्हा. दुसऱ्या एका वेळी उंच टाकी रंगवताना ढग आडवा आला, म्हणून त्यालाही त्याने एक हात मारून घेतला, आणि पलीकडच्या गावात हिरव्या गारा पडल्या. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. आतून बायको विचारायची, "अहो, गारा मोजल्यात, की अंदाजे?" मग ऐकणारे हसायचे. खरं तर गंमत थापेत नसायचीच, ती आतून येणाऱ्या त्या आवाजात असायची. पण हे रंगाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ती बायको रविवारी सकाळी गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. तेवढंच म्हणाले.

लेक चार-पाच तासांच्या अंतरावरच्या शहरात दिलेली होती. नाव काहीही असो, घरात ती ठकूच. तिला आठवा महिना, रक्तदाब भलताच चढलेला, त्यामुळे पंधरा दिवसांपासून दवाखान्यात आडवी. पुढच्या सोमवारी ऑपरेशन करून बाळ बाहेर काढायचं ठरलं होतं, आणि तोवर तिला कसलाही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. जावई धावत आला, करायचं ते सगळं त्याने केलं, आणि संध्याकाळी निघताना बुटांच्या नाड्या बांधता बांधता खाली मान घालून म्हणाला, "बाबा, आठ दिवस. तिला आठ दिवस कळू द्यायचं नाही. मी ऑफिसच्या कामाला गेलो होतो असं सांगणार आहे. ती रोज चारला फोन करेल, तेवढं तुम्ही सांभाळा. तुम्हाला काय, जड नाही."

टोमणा नव्हता तो. रंगाऱ्यालाही वाटलं, खरंच, जड नाही. उभा जन्म याच कामाची तालीम केली आपण.

सोमवारी बरोबर चारला फोन वाजला. फोन साधा, बटणांचा. त्यात चेहरा दिसायची भानगड नव्हती.

"बाबा, आईला द्या ना."

"आईचा घसा बसलाय. थंडीने. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस तोंड उघडायचं नाही. घरात एवढी शांतता मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकतोय बघ."

ही थाप अशी सुरेख बसली, की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. मग ते शेवटचं वाक्य त्याच्या कानात परत आलं आणि त्याने भिंतीला हात टेकला.

"बरं," ठकू म्हणाली. "काय करतेय ती आत्ता?"

आणि इथे हा बहाद्दर अडला. चौतीस वर्षं रोज चारला तो कुठल्या ना कुठल्या शिडीवर असायचा. त्या वेळी घरात काय चालतं, त्याला काय माहीत? ढगाला रंग लावलेला सांगता येतो, कारण ढगाचं कुणी तपासायला जात नाही. पण आई चार वाजता काय करते, हे ठकूला माहीत होतं आणि त्याला नव्हतं.

"बसलीय," तो म्हणाला. "दारात खुर्ची टाकून. उन्हात. पाय वर घेऊन मस्त बसलीय."



"बसलीय?"

"हो गं."

"बरं," ठकू म्हणाली. "बसू दे."

मंगळवारी तीनलाच तो वरच्या मजल्यावर गेला. तिथे शिंपीण राहायची. बायकोची मैत्रीण, जिभेला तिच्या कात्रीपेक्षा जास्त धार. मशीन थांबवून तिने चष्म्यावरून पाहिलं.

"वहिनी, एक विचारायचं होतं. ही चार वाजता काय करायची?"

"चौतीस वर्षं एकाच घरात नांदलात ना भाऊजी? की शेजारच्या घरात?"

"सांगा ना. ठकूला सांगायला लागतं."

शिंपिणीने कापडावरच्या टाचण्या काढल्या, एकेक करून डबीत टाकल्या. मग म्हणाली, "तुमचे ब्रश धुवायची."

"माझे ब्रश?"

"रात्री तुम्ही डब्यात टाकायचात, ते. टर्पेंटाईनमध्ये बुडवायची, जुन्या कंगव्याने विंचरायची, साबण लावून परत धुवायची, कागदात गुंडाळून टांगायची. पाऊण तास जायचा. हिवाळ्यात बोटांना भेगा पडायच्या तिच्या. मी म्हणायची, अगं, त्यांचं ते बघतील. तर म्हणायची, दिवसभर शिडीवर उभे असतात गं."

आता हे ब्रश म्हणजे रंगाऱ्याचं मोठं भांडवल होतं बरं का. माझा ब्रश कधी कडक होत नाही, असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. माझ्या हाताला घाबरून असतो म्हणायचा. पोरगेल्या रंगाऱ्यांना तो ब्रशचे केस कुरवाळून दाखवायचा, सशासारखे. ही एक गोष्ट तो कधी थाप म्हणून सांगत नव्हता. ती त्याला खरी वाटायची.

खाली येऊन त्याने डब्यात हात घातला. शनिवारचे तीन ब्रश तळाशी चिकटून दगड झाले होते.

फोनवर ठकूने विचारलं, "आज काय करतेय?"

"आजही बसलीय," तो घाईघाईने म्हणाला. "मीच बसवलंय. चहा करून दिलाय मी."

"तुम्ही? चहा?"

"मग काय! असा झालाय, की वास घेऊन गल्लीतली कुत्री शेपट्या हलवत दारात बसलीत. सतरा आहेत."

ठकू हसली. पण आतून कुणी कुत्री मोजलीत की अंदाजे, असं विचारलं नाही. फोन ठेवल्यावरही तो तसाच आतल्या खोलीकडे बघत राहिला.

बुधवारपासून त्याने एक पद्धत पाडली. रंगवायला जशी समोर भिंत लागते, तसं सांगायलाही समोर काहीतरी लागतं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. साडेतीनला तो खुर्ची दारात टाकायचा, ऊन सरकेल तशी सरकवायचा. दोन कप चहा करायचा. पहिल्या दिवशी साखर सापडायलाच त्याला वीस मिनिटं लागली. खुर्चीच्या पाठीवर तिचा स्वेटर आणून टाकला, तर स्वेटरच्या उजव्या कोपराला मूठ जाईल एवढं भोक. त्याच्या स्वतःच्या कामाच्या पँटीला गुडघ्यावर ठिगळं होती, नीट दुहेरी शिवणीची. त्या भोकात बोट घालून तो बराच वेळ उभा राहिला. मग स्वेटर आत ठेवला आणि बाजारात गेला.

"लाल शाल घेतलीय तिला," बुधवारी त्याने ठकूला सांगितलं. "पण भडक लाल नाही हं. विटेच्या भुकटीत थोडा किरमिजी मिसळला की येतो ना, तो. कडेला मोरपंखी रेघ, बोटभर." रंगाचं सांगताना त्याला अडखळायला होत नव्हतं. शिवाय शाल खरोखरच तिथे होती, खुर्चीवर.

"तिला आवडली?"

"पाटीवर लिहून दाखवतेय. थांब, वाचतो. 'हे माझी फार काळजी घेतात.'"

पलीकडे फोन बहुधा उशीवर ठेवला गेला. घासल्यासारखा आवाज आला, मग ठकू म्हणाली, "अजून काय लिहितेय?"

"लिहितेय, पायाखाली उशी घे."

"घेते म्हणावं."

गुरुवारी त्याने तिचे पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवले. शुक्रवारी दुपारी तिला झोप लागली, आणि तो दारात काठी घेऊन बसला, कावळ्याने ओरडू नये म्हणून. शनिवारी ती पोटभर जेवली, सगळ्यांच्या आधी, गरम गरम, आणि भांडी त्याने घासली. ठकू एवढंसं ऐकून समाधान पावत नव्हती. खुर्ची कुठली? ऊन कुठवर आलं? शाल खांद्यावरून की मांडीवर? तो सांगत गेला. एकदा शिंपीण पीठ मागायला खाली आली आणि दारात थबकली. ती रिकामी खुर्ची, ती शाल, ते दोन कप, आणि कानाला फोन लावून बोलणारा हा. तिने तोंड उघडलं होतं ते मिटलं, घडी विस्कटलेली शाल नीट केली आणि पीठ न घेताच जिना चढून गेली.

रविवारी ऊन पडलंच नाही. आभाळ राखाडी, शिसपेन्सिलीने घासल्यासारखं. तरी खुर्ची टाकली त्याने.

"आज बाहेर गार आहे," तो म्हणाला. "पण ऐकतेय कुठे. बसलीय."

"बाबा," ठकू म्हणाली. "मला सोमवारीच कळलं."

"काय कळलं?"

"तुम्ही म्हणालात ना, आई बसलीय. पाय वर घेऊन."

"अगं, माणूस बसतं कधीतरी."

"आई नाही."

त्याने खुर्चीवरची शाल उचलून हातात घेतली.

"फोन ठेवला आणि यांना समोर बसवून विचारलं. त्यांना खोटं बोलता येत नाही, तुमच्यासारखं. खूप रडले मी. नर्स धावत आल्या, दाब एवढा चढला. मीच यांना शपथ घातली, बाबांना सांगायचं नाही म्हणून."

"मग... आठवडाभर मला बोलू का दिलंस गं?"

"मला ती बसलेली बघायची होती," ठकू म्हणाली. "चारला दाब उतरायचा माझा. विचारा नर्सना."

रंगारी खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. फरशी बर्फासारखी होती.

"कशी गेली ते सांगा. यांना नीट माहीत नाही. आणि बाबा, फुगवू नका."

त्याला सुरुवातच सापडेना. जे घडलं तेवढंच सांगायची त्याला सवय नव्हती.

"मी बाहेरच्या खोलीत होतो," तो म्हणाला. "अंथरुणात. चहाला हाक मारली. तीनदा. आली नाही, म्हणून चिडून आत गेलो. ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होती. आणि मी..."

"सांगा."

"मी म्हणालो, 'बसलीस काय अशी?'"

पलीकडे नर्सची पावलं वाजली, कुणीतरी "पुरे आता" म्हणालं, पण फोन बंद झाला नाही. दोघं तसेच राहिले, दोन टोकांना, ती दवाखान्यातल्या खाटेवर आणि तो फरशीवर. मग ठकूने नाक ओढलं आणि विचारलं, "तिने ऐकलं नसेल ना ते?"

"नाही गं. आधीच गेली होती."

"मग ठीक," ठकू म्हणाली. आणि आता दोघंही रडायला लागले.

सोमवारी सकाळपासून तो फोन हातात धरून होता. घरात गेला तरी फोन, न्हाणीत गेला तरी फोन. शिंपीण दोनदा डोकावली आणि काही न विचारता परत गेली. दुपारी जावयाचा आवाज आला, चिरकलेला. मुलगी झाली. लहान आहे, पण रडते जोरात. दोघी सुखरूप. "थांबा बाबा, हिला बोलायचंय. मिनिटभरच."

ठकूचा आवाज भुलीतून यावा तसा आला, जड, चिकट, लहानपणी तापात यायचा तसा.

"बाबा... आईला सांगा ना."

त्याने नेहमीच्या सवयीने फोनवर हात ठेवला, आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि घसा फाडून ओरडला, "अगं ए, ऐकलंस का? नात झाली तुला!"

मग तो थांबला. ओले हात पदराला पुसत कुणी दारापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा. त्याहूनही थोडा जास्त. ठकूही तिकडे थांबून राहिली.

"काय म्हणाली?" तिने विचारलं.

तोंडाशी शंभर थापा होत्या, एकीहून एक सुरेख. एकही बाहेर येईना.

"काही नाही म्हणाली गं," रंगारी म्हणाला.