भटूच्या डाव्या वहाणेचा संताप

मी एक जुनी वहाण आहे, मित्रांनो, डाव्या पायाची, आणि मी रागावलेली आहे. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण माणसं दुसऱ्याला हिणवायला वापरतात, म्हणून ती मला कधी आवडली नाही. तरी जन्मभर मी मनात तीच घोकत आले. का, ते ऐका.

शिंदखेड्याच्या हिलालभाऊंनी ब्याऐंशीच्या साली मला घडवलं. जाड कातडं, तळाला नाल, वरून तेल पाजलेलं. भटूनं मला पायात घातलं आणि कपाशीच्या वावरातून, बाजारातून, काट्याकुट्यातून मी त्याला जपून नेलं. ते माझं काम होतं आणि त्यात माझा मान होता.

भटूच्या पोरीला, कोकिळाला, लहानपणापासून फिट यायची. ती पडून हातपाय झटकू लागली की आळीतलं कुणीतरी म्हणायचं, "तिले जोडा सुंगाडा." मग मला भटूच्या पायातून ओढायचे आणि शेणामातीनं माखलेली तशीच त्या चिमुरडीच्या नाकाला लावायचे. थोड्या वेळानं फिट आपोआप थांबायची आणि श्रेय मला मिळायचं. भटूची वहाण मोठी गुणाची, म्हणायचे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! असलं कौतुक मला नको होतं. मला तोंड असतं तर एकेकाला तिथेच सुनावलं असतं.

शेवटी तिच्या आईनं, भागाबाईनं, हट्ट धरला आणि आम्ही धुळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात गेलो. तिथल्या लहान मुलांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. फिट थांबली. कोकिळा शाळेत जाऊ लागली, मी चालू लागले. फार चांगली वर्षं होती ती. दर महिन्याला आम्ही एसटीनं धुळ्याला जायचो. बाई आईला विचारायच्या, आई सांगायची, कोकिळा खिडकीबाहेर बघत बसायची. तिला कुणी काही विचारलंच नाही. गोळीचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं.

मग एका खेपेला खिडकीवरच्या कारकुनानं सांगितलं की पोर मोठी झाली, आता इथे यायचं नाही, मोठ्यांकडे जायचं. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, शाबास म्हणाल्या आणि पुढच्या बाळाला आत बोलावलं. झालं! गोळ्या चालू ठेवायच्या का, कोण देणार, याबद्दल अवाक्षर नाही. मोठ्यांच्या डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं, तर ते भागाबाईलाही ठाऊक नव्हतं. तेही जुने कागद आणा म्हणून मोकळे झाले.

घरच्यांनी त्यातून काय अर्थ काढला? पोर मोठी झाली म्हणून दवाखान्यानं सोडलं, म्हणजे दुखणं गेलं. भागाबाईनं आळीत गूळ वाटला. "पोर मोठी व्हयनी," ती सांगत सुटली. "आते गोया कसाले?" शिवाय कोकिळाला स्थळं येऊ लागली होती. पाहुण्यांना घरात गोळ्या दिसल्या नाहीत तर बरंच, असं सगळ्यांना वाटलं.

थोड्याच दिवसांत कोकिळा भाकरी टाकता टाकता चुलीवर पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आणि तिचा काका रुपचंद काय शोधत धावला? पाणी नव्हे, मला! त्या भाजलेल्या पोरीच्या नाकाला मला दाबून धरलं. माझ्या तळाची आग मस्तकात गेली.

शुद्धीवर आल्यावर कोकिळानं चांगल्या हातानं मला काढून घेतलं आणि बापाच्या पायाशी ठेवलं. "आबा, जोडा पायमा घाल," ती म्हणाली. "आपले धुयाले जानं शे."

तो हात बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्या उठल्या, कोकिळाला धरून स्वतः मोठ्यांच्या विभागात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांना त्यांनी पहिल्या फिटपासून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी सवयीनं भागाबाईला प्रश्न केला. तिनं तोंड उघडलं, तोच कोकिळा मधे बोलली.

"माले इचारा. फिट माले येस, गोयी बी मीच लेसू."

गोळीचं नाव तिनं तिथेच विचारलं आणि नीट म्हणता येईपर्यंत पुन्हापुन्हा म्हटलं. त्यानंतर तिला फिट आली नाही. माझा राग मात्र गेलेला नाही.

मित्रांनो, कुणाला फिट आली तर त्याला चुलीपाण्यापासून दूर घ्या, कुशीवर वळवा, आणि आम्हाला पायात राहू द्या. तुमच्यापैकी कुणी गोळ्या घेत असेल तर आपल्या गोळीचं नाव आपण पाठ करा. आणि मोठ्या माणसांनो, मूल मोठं झालं म्हणून त्याचा हात सोडू नका, पुढच्या डॉक्टरच्या हातात द्या. त्या दोन विभागांच्या मधे एक अंगण आहे. मी ते चालले आहे. भटूची पेटवलेली विडी संपायच्या आत ते पार होतं. तेवढं चालायला आधी कुणाला सवड झाली नाही, म्हणून कोकिळा आजही भाकरी डाव्या हातानं थापते.