मास्तरांनी दाखवलेलं भोक

मिल्तियादिस मास्तरांनी कार्दित्साजवळच्या आपल्या गावात पस्तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, आणि त्यातली निदान पस्तीस तासिका तरी त्यांनी नाफ्प्लिओ शहराला दिल्या. ग्रीसची पहिली राजधानी, तिथले तीन किल्ले, राज्यपाल कपोदिस्त्रियास यांचा खून, सगळं तोंडपाठ. फक्त एक गोष्ट राहून गेली होती. मास्तर स्वतः कधी नाफ्प्लिओला गेलेले नव्हते. सुट्टी आली की कधी शेळ्या व्यायच्या, कधी सासूबाई आजारी पडायच्या, एकदा तर निघता निघता गाडीचं चाकच निखळलं. मग निवृत्त झाल्यावर दोन्ही मुलींनी मिळून आईबापांना तिथल्या एका छोट्या हॉटेलात दोन रात्रींची खोली घेऊन दिली.

शनिवारी सकाळी हॉटेलच्या मालकिणीनं शहराचा नकाशा पुढे केला. मास्तरांनी तो दोन बोटांनी परत सरकवला.

"नकाशा? मला? बाई, मी हे शहर फळ्यावर डोळे मिटून काढत होतो."

"घ्या ना हो, फुकट आहे," त्यांची बायको अग्लाया म्हणाली.

"फुकट आहे म्हणून माणूस काय औषधही पितो का?"

अग्लायानं औषधं पुष्कळ फुकट प्यायली होती. पाय दुखू नयेत म्हणून तिनं कापडी बूट घातले होते. मास्तर मात्र काळ्या चामडी बुटांत निघाले, शाळेच्या संमेलनाला निघाल्यासारखे.

पहिला मुक्काम ठरलेलाच होता. संत स्पिरिदोनासचं देऊळ. त्याच्या दारात राज्यपालांना गोळी घातली, आणि दाराशेजारच्या भिंतीत त्या गोळीची खूण अजून आहे, हे मास्तरांनी किमान हजार पोरांना सांगितलं असेल. दोन जिने चढले, एक उतरले, बोगनवेलीखालून गेले, एका मांजरीला ओलांडलं, आणि एका बोळाच्या टोकाला एक चिमुकलं देऊळ आलं. दाराशेजारी, माणसाच्या डोक्याच्या वर, दगडात भोक होतं. छान गोल.

मास्तरांनी टोपी काढली. डोळे भरून आले होते. हात पुढे करून त्यांनी त्या भोकाकडे अशा नजरेनं पाहिलं की अग्लायालाही वाटलं, आपणही काहीतरी काढावं.

"अहो, पण इतकं वर?" ती हळूच म्हणाली. "राज्यपाल काय खांबाएवढे उंच होते?"

"अगं, ती चुकलेली गोळी. लागली असती तर भिंतीत कशाला गेली असती?"

"आणि इतकं गोल?"

"त्या काळी गोळ्या गोलच असायच्या. म्हणून तर त्यांना गोळ्या म्हणतात."

एवढ्यात बोळातून माणसांचा लोंढा आला. कोझानीकडच्या एका गावातली तीसेक निवृत्त मंडळी होती, बायका, बाप्ये, काठ्या, पिशव्या. त्यांच्या सहलीबरोबरच्या वाटाड्या बाईंचा पाय आदल्या दिवशी मुरगळला होता, त्या हॉटेलात पाय वर करून पडल्या होत्या, आणि मंडळी मेंढरांसारखी वाट फुटेल तिकडे हिंडत होती. त्यांना टोपी हातात घेतलेला एक गंभीर माणूस भिंतीकडे हात करून उभा दिसला. ती लगेच गोळा झाली.

मास्तरांना वर्ग मिळाला.

"सप्टेंबर महिना! सन अठराशे एकतीस!" त्यांनी आवाज लावला. "रविवारची सकाळ. राज्यपाल प्रार्थनेला निघाले आहेत. बरोबर अंगरक्षक, तोही एका हाताचा! आणि या दारात, हो, या इथेच, दोन माणसं वाट बघत उभी आहेत…"

सगळे मागे सरकले, जणू मारेकरी अजून उभे होते. मास्तरांनी पिस्तूल झाडलं, सुरा खुपसला, स्वतःच राज्यपाल होऊन कोसळले, आणि उठून गुडघे झाडत भोकाकडे बोट केलं. एका गृहस्थानं बायकोला उचलून धरलं आणि तिनं भोकात बोट घातलं. फोटो निघाले. एफ्थिमिया नावाच्या काळ्या कपड्यांतल्या आजींनी क्रूसाची खूण केली, दोघांना स्वतःला वर उचलायला लावून भोकाचा मुका घेतला आणि डोक्याच्या रुमालाला डोळे पुसले.

"देव तुमचं भलं करो, मास्तर," त्या म्हणाल्या. "आमच्या बाईंनी कालपासून नुसतं 'पाऊल जपून टाका' एवढंच सांगितलं, आणि स्वतः पडल्या."

मंडळी टाळ्या वाजवून निघाली. पालामिदीचा किल्ला बघायला जायचं होतं. मास्तर मागे उभे राहिले. फुललेले.

मग शेजारचं दार उघडलं आणि एक जाडजूड बाई धुण्याची टोपली कमरेवर घेऊन बाहेर आली. तिचं नाव कातिंगो. "सरका हो जरा," म्हणत तिनं एप्रनच्या खिशातून लोखंडी आकडा काढला, टाचा उंचावल्या, आकडा त्या भोकात फिरवून बसवला, त्याला दोरी बांधली, दोरीचं दुसरं टोक समोरच्या खिडकीला अडकवलं आणि सगळ्यांत आधी मुलाची भलीमोठी चड्डी वाळत घातली.

मास्तर धावत दोरीखाली आले.

"बाई!" ते ओरडले. "हे काय करताय? ही राज्यपालांची गोळी आहे!"

"कुठली गोळी? हे भोक माझ्या नवऱ्यानं पाडलंय, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. घरात धुण्याचं यंत्र आलं त्या वर्षी. फादर सहा महिने त्याच्याशी बोलत नव्हते."

"पण हे संत स्पिरिदोनास…"

"ते वरच्या गल्लीत. तिथल्या भोकाला काच लावलीय."

अग्लायाला हसू आवरेना. तिनं तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते. मास्तर तडक वरच्या गल्लीत गेले. तिथे खरंच संत स्पिरिदोनास होतं, दाराशेजारी भोक होतं आणि भोकावर काच होती. बघून परत आले तेव्हा कातिंगोबाईनं अग्लायाला उंबऱ्यावर बसवून नारिंगाच्या सालीचा मुरंबा आणि गार पाणी दिलं होतं, आणि दोघी गुडघेदुखीवर आल्या होत्या.

"अग्लाया," मास्तर म्हणाले, "फळ्यावर चुकलं तर मी पुसत होतो. ही तीस माणसं कशानं पुसू?"

"राहू द्या हो. म्हातारी माणसं, संध्याकाळपर्यंत विसरतील."

"त्यांनी फोटो काढलेत! ते नातवंडांना दाखवतील! एका आजींनी त्या धुण्याच्या आकड्याचा मुका घेतला, अग्लाया!"

"आकड्याचा नाही, भोकाचा," कातिंगोबाईनं दुरुस्ती केली. "आकडा माझ्या खिशात होता."

पण मास्तर ऐकायला थांबले नव्हते. मंडळी पालामिदीला गेली आहे, तर पालामिदीला जायचं. पायथ्याशी ते पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. लोक म्हणतात, या किल्ल्याला नऊशे नव्व्याण्णव पायऱ्या आहेत. मास्तरही वर्गात तेच सांगत असत. चामडी बुटांत त्यांनी दोनशेपर्यंत मोजल्या. तीनशेच्या आसपास कोट काढला. पुढे कुठेतरी एका परदेशी पोरीनं त्यांना बसवून आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि त्यांच्या तोंडावर नकाशानं वारा घातला. त्यानंतर मोजणी बुडाली.

वरच्या दारात तिकिटवाला सावलीत बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता.

"कोझानीची मंडळी?" तो म्हणाला. "ती गेली की. अर्धा तास झाला. बस उभी होती ना त्यांची."

"बस? इथं?"

"मागनं रस्ता आहे, आजोबा. गाडी थेट दारात येते."

मास्तर तटबंदीवर बसले. रस्ता त्यांच्या पुस्तकात नव्हता. कोट मांडीवर, तोंड उघडं, बुटांत पायांची भट्टी. खाली लाल कौलांचं शहर, त्याला चिकटून निळंशार आखात, आणि पाण्याच्या मधोमध तो इवलासा बुर्त्झी किल्ला, खेळण्यासारखा. या देखाव्याबद्दल त्यांनी पोरांना कितीतरी वेळा सांगितलं होतं. पण वारा असा थेट सदऱ्यात शिरतो, हे सांगायचं राहिलं होतं. किती वेळ बसले कोण जाणे. खूप वर्षांनी त्यांच्या मनात एकही सन नव्हता.

उतरताना गुडघ्यांनी संप पुकारला. मास्तर तोंड डोंगराकडे करून, शिडीवरून उतरावं तसे उलटे उतरू लागले. चढणारे लोक वाट देत होते, आणि एका गृहस्थानं तर विचारलं, "काही नवस आहे का?"

संगमरवरी चौकात येऊन बघतात तर कोझानीची सगळी मंडळी तिथे. पाच टेबलं जोडलेली, कॉफ्या मागवलेल्या, आणि मधोमध अग्लाया न् कातिंगोबाई. हास्याचा नुसता गदारोळ चालला होता. मास्तर दिसले तशी कुणीतरी आरोळी दिली, "आली, आली, चुकलेली गोळी आली!"

मास्तरांनी कोट घातला. एका खुर्चीच्या पाठीला धरून ते उभे राहिले.

"सज्जनहो," ते म्हणाले, "सकाळी मी तुम्हाला जे दाखवलं ते चूक होतं. ते भोक या बाईंच्या यजमानांनी पाडलं आहे. खरं देऊळ वरच्या गल्लीत आहे. मी नकाशा घेतला नाही आणि कुणाला विचारलंही नाही. मला क्षमा करा."

"आम्हाला ठाऊक आहे," बायकोला उचलणारा गृहस्थ म्हणाला. "तुमच्या बाईंनी सांगितलं. आम्ही ते खरं भोकही बघून आलो. काचेत आहे, बोटसुद्धा घालता येत नाही. तुमचंच बरं होतं."

"मी नाही मानत," एफ्थिमिया आजींनी कप आपटला. "मी ज्याचा मुका घेतला तेच खरं."

"आजी, अहो, माझ्या नवऱ्यानं माझ्यासमोर पाडलंय ते!" कातिंगोबाई म्हणाली.

"त्यानं मोठं केलं असेल. गोळी आधीच तिथं होती. गोळ्या किती झाडल्या, मास्तर? एकच?"

मास्तर घुटमळले. खोटं बोलता येईना. "एकाहून जास्त, असं काहीजण म्हणतात," ते पुटपुटले.

"बघा!" आजी सगळ्यांकडे वळल्या. "एक वरच्या गल्लीत, एक खालच्या."

"गोळी गल्ली वळून आली का, आजी?"

"देवाच्या मनात असलं तर वळते!"

अग्लायानं नवऱ्याला बाहीला धरून खाली बसवलं आणि टेबलाखाली त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. "बसा मुकाट्यानं," ती म्हणाली. "एवढ्या माणसांनी तुमच्यासाठी जागा धरलीय." मास्तर बसले. कुणीतरी त्यांच्यापुढे कॉफी सरकवली, कुणी भाजलेले बदाम.

कॉफ्या संपता संपता मंडळींनी विषय काढला. दुसऱ्या दिवशी बस एपिदाव्रोसचं जुनं नाट्यगृह बघायला जाणार होती, आणि वाटाड्या बाईंचा पाय सुजून भोपळा झाला होता. मास्तर येतील का?

"पण मी तिथं कधीच गेलेलो नाही," मास्तर म्हणाले.

"आम्ही तरी कुठं गेलोय?"

रविवारी सकाळी दोघं त्यांच्या बसमध्ये चढली. मास्तरांचे गुडघे वाकत नव्हते, तेव्हा त्यांना मागच्या लांब बाकावर पाय पसरून आडवं बसवलं. तिथूनच ते बोलत होते, आणि प्रत्येक वाक्याआधी म्हणत होते, "पुस्तकात असं लिहिलंय बरं का."

"पुस्तकात काय," पुढच्या बाकावरून एफ्थिमिया आजी म्हणाल्या, "कुणीही काहीही लिहितं. तुम्ही आपलं कालच्यासारखं पडून दाखवा."