उसनी फुंकर

मुलांनो, पत्र्याची एक लांबलचक शेड डोळ्यांपुढे आणा बरं. दार एकच, खिडकी एकही नाही. बाहेर उन्हाचा वणवा, आत वाळक्या मिरच्यांचे ढीग. बायका ओळीनं बसून देठं खुडताहेत, तोंडाला डोळ्यांपर्यंत फडकी बांधून. आता तिथला एक श्वास घ्या. आली ना शिंक? त्यांना दिवसभर तोच श्वास घ्यावा लागायचा.

त्या ओळीत भिंगरीची आई होती. तिच्या छातीत खोकला घर करून बसला होता. पाण्याचा हंडा उचलला तरी धाप लागायची. पण शेडमध्ये ती खोकला गिळून टाकायची. कारण तिथं जी खोकली, ती गेली. "आराम कर हो बाई," असं मुकादम साखरेत घोळून बोलायचा आणि तिच्या जागी लगेच दुसरी बसवायचा.

अशात शहरातून एक डॉक्टरीणबाई आल्या. धुळीनं कामकरी बायकांच्या छातीचं काय होतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. नळीत जोरात फुंकायचं, काटा किती सरकतो ते बघायचं. ज्या शेडमधल्या छात्या अधू निघतील, तिथं मालकाला खिडक्या पाडायला आणि धूळ ओढणारे पंखे बसवायला लावणार होत्या. हेतू सोन्यासारखा. पण तपासणी शेडमध्येच, आणि शेजारी मुकादम खांबासारखा उभा!

पोत्यांच्या थप्पीआड कुजबुज सुरू झाली. शाळा सुटल्यावर आईला जेवण घेऊन आलेली भिंगरीही तिथंच होती.

"माझा काटा हलायचा नाही गं," आई म्हणाली. "मुकादम काय आंधळा आहे?"

"मग माझी फुंकर घे उसनी," धाकटी काकू म्हणाली. ती नुकतीच कामाला लागलेली. छाती म्हणजे लोहाराचा भाताच. "फडकं दे तुझं. डोळे काय, सगळ्यांचेच लाल!"

"माझ्या वाटचंही फुंक बाई," बोळकी आत्या म्हणाली. "माझ्या फुंकरीनं दिवासुद्धा विझत नाही. उलट जरा मोठा होतो मेला!"

सगळ्या हसल्या, आणि हसता हसता खोकल्या. लगेच घास कोंबावा तशी फडकी तोंडात कोंबली.

काकू फडकी बदलत पुन्हा पुन्हा रांगेत उभी राहिली. नळी फडक्याखालून तोंडात, आणि काटा दरवेळी टुणकन वर.

"वा! इथं सगळ्या ठणठणीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग पंखे पलीकडच्या शेडला बसवायला सांगते."

मुकादमाला हसू लपवता येईना. बायका मात्र मटकन खाली बसल्या. खरं सांगावं तर काम जातंय, खोटं सांगितलं तर श्वास. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

"कुणाला काही विचारायचंय?" बाईंनी नळी पिशवीत ठेवत म्हटलं.

"विचारायचं तुम्ही होतं, बाई," आत्या म्हणाली. "इथं यायच्या आधी. कुठं बोलू, कुणासमोर बोलू, एवढं तरी आम्हाला विचारायचं."

"ए म्हातारे, हात चालव, तोंड नको!" मुकादम खेकसला.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मुकादमाकडे पाहिलं, मग त्या बांधलेल्या तोंडांकडे. काहीतरी त्यांना कळलं. पण त्याच्यादेखत त्या नुसती पिशवी आवरत राहिल्या.

"गाडी उभी आहे, बाई," मुकादम म्हणाला.

भिंगरी उठायला लागली. आईनं तिचं मनगट आवळलं. "गप बस. काम जाईल माझं."

भिंगरीनं आईकडे पाहिलं. फडक्याआड आईचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिनं मनगट सोडवून घेतलं.

"डॉक्टरीणबाई, आमच्या घरी पाणी प्यायला चला," ती म्हणाली. पाण्याला मुकादम तरी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? आणि घरी काही तो शेजारी खांबासारखा उभा नसणार.

"अगं, उशीर होतोय मला—"

भिंगरीनं पुढचं ऐकलंच नाही. तिनं नळीची पिशवी उचलून खांद्याला अडकवली आणि मागं न बघता वस्तीच्या वाटेला लागली.