कुंपणाशी थांबलेल्या आया

पौष लागला, वालाच्या शेंगा भरल्या आणि पनवेलच्या खाडीजवळच्या शाळेत हिवाळी मेळाव्याची बैठक बसली. साल पंचावन्न-छप्पनचं असेल. बैठक म्हणजे माणसं तीन: मुख्याध्यापक दयाराम गुरुजी, चौथीच्या दमयंतीबाई आणि शाळा समितीचे अध्यक्ष महादेवशेठ, ज्यांची भाताची गिरणी होती. लेझीम ठरलं, पोत्यात पाय घालून पळायची शर्यत ठरली, लिंबू-चमचा ठरला. मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीवर मात्र गाडी अडली.

"मडक्यात अंडी घालायची ना?" शेठनी विचारलं.

"शाळेत अंडी?" गुरुजींनी कानाला हात लावले. "पळस्प्याच्या बाजूने शेंगा येतायत. त्या, रताळी आणि बटाटे. भांबुर्ड्याचा पाला लावायचा, मडकं उलटं ठेवायचं, भोवती पेंढा पेटवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं."

"तुम्ही कशातही देव घालता, गुरुजी. जरा ओवा-मीठ जास्त घाला, म्हणजे झालं."

दमयंतीबाई हसल्या, पण गुरुजी हसले नाहीत. त्यांचं मन चौथीतल्या जनीपाशी होतं. पोरगी चलाख. आणि तिच्या आईने, हौसाने, निरोप धाडला होता की चौथी झाली की जनीची शाळा बास, मग तिने घरच्यांबरोबर मिठागरावर यायचं. गुरुजींना वाटे, ही बाई एकदा तरी शाळेत येऊन पोरीचं काम बघेल, तर असं म्हणणार नाही. पण येईल तेव्हा ना!

आणि गंमत अशी, की गेल्या वर्षीच्या मेळाव्याला ती आली होती. ती, तिच्या जावा, शेजारणी, सगळ्या ठेवणीतली लुगडी नेसून शाळेच्या काटेरी कुंपणापर्यंत आल्या, आत डोकावल्या, आपसात काही कुजबुजल्या आणि आल्या पावली परत गेल्या. पुढे गुरुजींनी विचारलं तर हौसा म्हणाली, "वेल नाय गावला, गुरुजी." आता लुगडं नेसून दारापर्यंत यायला वेळ गावतो आणि दार ओलांडायला गावत नाही, हे कसलं गणित? वर्षभर हा प्रश्न गुरुजींच्या डोक्यात दाताखालच्या खड्यासारखा कचकचत होता.

"लाजल्या असतील," दमयंतीबाई म्हणाल्या.

"भाषणं ऐकून पळाल्या असतील. मीही पळालो असतो, पण अध्यक्ष मीच," शेठ म्हणाले.

"अहो, मान म्हणून बायांसाठी खास बाकं मांडली होती पुढे. पुरुष बिचारे मागे सतरंजीवर. याहून काय करायचं?" गुरुजी म्हणाले.

त्याच आठवड्यात विरूपाक्षाच्या देवळात कीर्तन लागलं. कीर्तन म्हटलं की गुरुजी जेवणसुद्धा विसरत. बुवांनी पूर्वरंग आटोपला, लोकांनी त्यांना बुक्का लावला, हार घातला, आणि उत्तररंगाला त्यांनी सुदामदेवाचं आख्यान घेतलं. द्वारकेच्या राण्या बघतायत, आणि कृष्णाने फाटक्या धोतराच्या मित्राला थेट आपल्या आसनावर बसवलं. बुवांनी तो सुदामा असा काही वठवला! एका कुल्ल्यावर टेकलेला, पाय कुठे ठेवावे कळत नाही, मनात म्हणतोय, देवा, खाली बसू दे रे मला. सारं देऊळ खदखदून हसलं.

गुरुजी हसता हसता थबकले. त्यांची नजर बायांच्या बाजूला गेली. हौसा तिथे मांडी घालून बसली होती, पदर डोक्यावर, तोंड हसून लाल. आणि जरा पलीकडे तिचा सासरा बळीराम. तोही खालीच. देवळात सगळेच खाली. उभे काय ते एकटे बुवा.

पुढचं आख्यान, देव क्षमा करो, गुरुजींना धड ऐकूच आलं नाही. आरती झाल्याबरोबर त्यांनी हौसाची शेजारीण ठमाबाई हिला गाठलं. "ठमाबाई, खरं सांग. गेल्या साली तुम्ही परत गेलात ते बाकांपायी का?"

ठमाबाईने कपाळावर हात मारला. "आता उजाडलं व्हय गुरुजी? सासरा खाली सतरंजीवर नि सून वर बाकावर? आमी कदी केलं नाय आसं. बरं, तुमी मानानं मांडलेली बाकं सोडून खाली बसावं, तं तुमचा आपमान. मग काय करावं बायांनी? गेलो घरी, मासली कापली."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी बाकं रद्द केली. खुर्च्याही.

"आणि तालुक्याचे साहेब येणार ते?" महादेवशेठ ओरडले.

"कीर्तनाला येतात तेव्हा कुठे बसतात?"

"तेव्हा धोतर असतं हो! इथे पांढरी पाटलोण घालून येतील!"

"सतरंजी धुऊन घेऊ," दमयंतीबाई म्हणाल्या.

मेळाव्याच्या दिवशी उन्हं कलताना बाया आल्या. कुंपणाशी थांबल्या. आत पोत्यातली पोरं धडाधड पडत होती. पोपटीचा पेंढा धडधडत होता. पण गुरुजी कुंपणाकडेच बघत राहिले. हौसाने मान उंचावून अंगण न्याहाळलं. तिचा सासरा सतरंजीवर. शेठ सतरंजीवर. साहेबही सतरंजीवर, गुडघे चोळत. तिने पदर सारखा केला आणि आत आली. मागोमाग सगळ्या.

सतरंजीवर ती क्षणभरच टेकली असेल. मग उठली आणि चौथीच्या वर्गाच्या दारातून डोकावली. भिंतीवर कुलाबा जिल्ह्याचा मोठा नकाशा होता, चिकणमातीचा, तांदूळ रंगवून भरलेला.

"ह्यो कोनी केला?"

"मी नि अजून दोगींनी," जनी म्हणाली.

"आपलं मिठागर कुटं हाय ह्याच्यात?"

जनीने बोट ठेवलं. हौसाने त्याच्या शेजारी आपलं बोट ठेवलं, मिठाने चिरलेलं. "नि मामाचं उरण?" बोट खाडीकाठाने सरकत गेलं. "मोरा? जितं लाँच लागते?" बोट मोऱ्याला पोचलं आणि तिथे मातीच सरली. पुढे नुसती भिंत.

"मोऱ्याच्या पुडं काय हाय?"

"मुंबई. मग देश, मग आख्खी पृथ्वी. पण ते पाचवीत शिकवतात," जनी म्हणाली.

हौसा त्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र वाजलं, "झाली, झाली!" म्हणून पोरं धावली. ती हलली नाही.

"गुरुजी, पाचवीची खोली कंची?"

गुरुजींनी शेजारच्या खोलीची कडी काढली. हौसा उंबऱ्यात पाऊल टाकता टाकता थांबली, मागे वळली आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "मामंजी, जरा हिकडं येता? ह्ये बगायला पायजे तुमी."