काकवीची काडतुसं

‘ही गिळेल बघा,’ कुको बाका म्हणाला. ‘ही माझ्या सासऱ्यासारखी आहे, ओलेटाबाई. पुढ्यात येईल ते गिळते आणि वर कुरकुरते.’

त्यानं रायफल ट्रकच्या फाळक्यावर अंथरलेल्या घोंगडीवर आडवी ठेवली. नळी मातीच्या बांधाकडे, लिव्हर उघडी, पोट रिकामं. ओलेटा पिकेटनं ती उचलून खांद्याला लावली. सकाळपासून तिनं बऱ्याच रायफली खांद्याला लावून पाहिल्या होत्या. मान लांब न करता नेम धरता आला, तो हिच्यावरच.

महिन्याचा पहिला शनिवार होता. न्यू मेक्सिकोच्या पूर्व टोकाला, ड्राय फोर्क गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यात नेमबाजीच्या खेळाची नेहमीची मंडळी जमली होती. प्लायवूडची बँक, प्लायवूडचा तुरुंग, प्लायवूडचा गुत्ता आणि त्यांच्यासमोर जमिनीत रोवलेल्या लोखंडी पाट्या. पणजोबांच्या काळातले कपडे, पणजोबांच्या काळातल्या बंदुका. प्रत्येकाला मैदानातलं एक नाव असे आणि एकानं घेतलेलं नाव दुसऱ्याला घेता येत नसे. कुको घरोघर गॅसच्या टाक्या पोचवी, म्हणून तो ‘गॅसबत्ती’. ओलेटाला नाव नव्हतं. इतकी वर्षं ती नवऱ्याबरोबर येई, कुणाचा नेम चुकला की बोट वर करी आणि शेवटी खाली वाकून झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या वेची. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेल्या बाईला वाकण्याचं काय! सगळे तिला काकवीची बायको म्हणत.

काकवी म्हणजे डेल्बर्ट. थंडीच्या दिवसांत काकवी भांड्यातून जितक्या घाईनं ओघळते, तितक्याच घाईनं तो गोळ्या झाडायचा. बाकीचे टायमरशी भांडत. हा आजीनं शिकवलेलं मोजणीचं गाणं म्हणत म्हणत लिव्हर खाली-वर करी, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं :

एक कोंबडी, दोन पिल्लं,
तिसरं वाऱ्यानं उडवलं;
चार दाणे, पाच खडे,
सहावं गेलं कुंपणापलीकडे;
सात आठ, ढग दाट,
नऊ दहा, घरची वाट.

दर आकड्याला एक गोळी, दर गोळीला लोखंडाचा एक टणत्कार. तो कधी जिंकला नाही आणि त्याचा नेम क्वचितच चुकला. फेब्रुवारीत तो गेला. त्याची रायफल मुलानं डेन्व्हरला नेली, शेकोटीवरच्या भिंतीला टांगायला. मुलानं विचारलं नव्हतं आणि ओलेटानं नको म्हटलं नव्हतं.

मागे राहिले कॉफीचे तीन डबे. डेल्बर्टनं गेल्या हिवाळ्यात स्वतः भरलेली काडतुसं.

‘अशीच कशी टाकून देऊ?’ ओलेटा म्हणाली होती. ‘मीच उडवते.’

म्हणून तिला रायफल हवी होती. खिशाला परवडणारी आणि डेल्बर्टची काडतुसं गिळणारी. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड निघाली. डेल्बर्ट गोळ्या स्वतःच्या साच्यात ओतायचा. त्यांना पुढून सपाट तोंड आणि खाली एक खांदा असे. त्याच्या अठराशे त्र्याहत्तरच्या नमुन्याच्या रायफलीला तो घास सवयीचा होता, इतरांना नव्हता. नवी त्र्याहत्तर घ्यायची तर ट्रक विकावा लागला असता. इथली रीत अशी, की नव्या माणसानं बंदूक विकत घेण्याआधी सगळ्यांच्या बंदुका हाताळून बघायच्या. मागायचंही नाही, लोक आपणहून आणून देतात. लव्हॉन गुथ्री आपली रायफल घेऊन आली. बांधाकडे नळी धरून ओलेटानं लिव्हर ओढली. डेल्बर्टचं दुसरंच काडतूस तोंडाशी अडकलं.

‘तोंडात भोपळा कोंबल्यासारखं वाटतंय तिला,’ लव्हॉन म्हणाली. ‘अगं, तू ती काडतुसं सोड आणि माझ्यासारखी दुकानातून आण.’

‘दुकानातली दुकानात राहतील,’ ओलेटा म्हणाली.

आता कुकोच्या अठराशे ब्याण्णवच्या नमुन्याच्या, ब्राझीलमध्ये बनलेल्या, ओरखड्यांनी भरलेल्या रायफलीत तिनं तीच काडतुसं घातली. लिव्हर घट्ट होती. गंजलेल्या बिजागरीसारखी किरकिरत खाली गेली, किरकिरत वर आली. पण काडतूस आत गेलं. दुसरं गेलं, तिसरंही. न उडालेली बाहेर येऊन घोंगडीवर पडत राहिली.

‘स्प्रिंग जरा घासून घ्यायची,’ कुको म्हणाला. ‘आणि रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून रिकामी खाली-वर करायची. दिवाळं काढणार नाही मी तुमचं. बायको म्हणते, घरात बंदुका जास्त आणि खुर्च्या कमी झाल्यात.’

‘आधी उडवून बघते.’

इथे कुको थांबला. गिळवून बघणं वेगळं, उडवणं वेगळं. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत उडवायचं नाही, हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत. दारूचं माप चुकलं तर नळी फुटते. नळीमागे डोळा असतो.

‘काकवीची आहेत म्हणून,’ कुको शेवटी म्हणाला. ‘काकवीचं काडतूस मी आईच्या बंदुकीतसुद्धा घालीन.’

‘नको.’

हार्लन टीग कधी मागे येऊन उभा राहिला, ते त्यांना कळलं नव्हतं. जिल्ह्याचे कच्चे रस्ते सपाट करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. मैदानात त्याला ‘पाद्री’ म्हणत, कारण तो चर्चची पायरी चढत नसे. डेल्बर्टचा सगळ्यात जुना दोस्त.

‘माझी काडतुसं घे, ओलेटा. डबा भरून आणलीत.’

‘मला डेल्बर्टची उडवायचीत.’

‘दुसऱ्यानं भरलेली–’

‘डेल्बर्ट दुसरा कधीपासून झाला, हार्लन?’

हार्लननं टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

ओलेटाला राग येत नसे. मुलांना वाढणाऱ्या बाईला तो परवडत नाही. पण हा आला. गेल्या हिवाळ्यात डेल्बर्ट एकेक गोष्ट ठेवून विसरत गेला होता. कुत्र्याचं नाव विसरला. जेवलो हे विसरला. एकदा त्यानं तिला विचारलं, तुमचे यजमान कुठं असतात? पण रोज दुपारी तो गॅरेजमधल्या बाकावर जाऊन बसे आणि काडतुसं भरायच्या यंत्राचा खट्-खुट् खट्-खुट् आवाज भिंतीतून येई. ती स्वयंपाकघरात कणीक तिंबत तो ऐके. तो चालू असला की तिला वाटे, चला, तिथं तरी डेल्बर्ट घरी आहे. गेला तो बाकीचा. बाकावरचा डेल्बर्ट शेवटपर्यंत शाबूत होता. या तीन डब्यांत तो होता.

‘बरं,’ हार्लन म्हणाला. ‘पण टायमर मी धरणार. कडेच्या बांधावर, एकटी. एकेक गोळी. लिव्हर मी सांगेपर्यंत ओढायची नाही.’

‘मी काही कालची आले नाहीये.’

‘नाहीस. तरी.’

कडेच्या बांधापुढे एकच पाटी होती. हार्लन तिच्या उजव्या खांद्यामागे उभा राहिला. ओलेटानं रायफलीचा दस्ता खांद्याला टेकवला. तिच्याही नकळत तिच्या ओठांवर ते आलं : एक कोंबडी.

टण्.

‘ओढ,’ हार्लन म्हणाला.

दोन पिल्लं. टण्. मागे ट्रकपाशी कुकोनं शीळ घातली. ‘वा, ओलेटाबाई! मला विकायला लाज वाटेल असं नका करू!’

तिसरं. चौथं. लिव्हर घट्ट होती, पण मोठ्या पातेल्यातलं पीठ ढवळण्याहून घट्ट नव्हती. खांद्याला बसणारा धक्का तिला ओळखीचा वाटला. रात्री कुशीवर वळताना डेल्बर्टचं कोपर लागे, तेवढाच. ती हसत होती. पाच खडे. टण्.

‘ओढ.’

सहाव्याला आवाज आला तो वेगळा. बाटलीचं बूच निघावं तसा. फट्. पाटी गप्प राहिली. खांद्याला काही बसलं नाही.

हार्लनचा हात तिच्या खांद्यावर पडला. ‘थांब! लिव्हरला हात लावू नकोस. खाली ठेव. तशीच.’

तिनं रायफल समोरच्या फळीवर ठेवली. वारा थोडा धूर घेऊन गेला. तिला एक गोष्ट हळूहळू उमगत गेली. हात फार लवकर पडला होता. आवाज ऐकून उचललेला तो हात नव्हता. पहिल्या गोळीपासून तो तिच्या खांद्याच्या वर, बोटभर अंतरावर, थांबलेला होता.

‘तुला माहीत होतं.’

हार्लन फळीवरच्या रायफलीवर वाकला.

‘काय आहे ते?’

‘काडतुसाच्या बुडाची टोपी तेवढी फुटली. दारू नव्हतीच आत. गोळी नळीत अडकलीये. तू पुढची झाडली असतीस तर...’ त्यानं नळीकडे बोट केलं. ‘सप्टेंबरच्या सामन्यात त्याचं असंच झालं होतं. मी मागे होतो. लोकांना म्हटलं, स्प्रिंग तुटली.’

‘मी होते तिथं.’

‘तू पुंगळ्या वेचत होतीस. तो तुझ्याकडे बघून हसत होता. मग मी कसं सांगणार?’

‘म्हणून तू गुरुवारी यायला लागलास.’

‘बाकाशी बसायचो. तो भरायचा, मी बघायचो. पुंगळीत दारू पडली का, दर वेळी एकदा–’ त्यानं बोटानं हवेत काहीतरी दाखवलं. ‘गुरुवारची सगळी बरोबर आहेत, ओलेटा.’

‘आणि बाकीच्या दिवसांची?’

‘बाकीच्या दिवशी तो एकटा असायचा.’

एकटा नव्हता, असं ती म्हणणार होती. मी भिंतीच्या अलीकडे होते.

कुको पितळी गज आणि लाकडी हातोडी घेऊन आला. रायफल रिकामी करून, नळीत तेलाचे थेंब सोडून, त्यानं हळूहळू ठोकायला सुरुवात केली. बरीच टकटक झाली. मग गोळी सुटली आणि ओलेटानं खाली धरलेल्या तळहातावर पडली. बुडाशी काळी, अंगावर नळीच्या आतल्या वळणांचे बारीक ओरखडे. कुकोनं नळी उजेडाकडे धरून डोळा लावला, बोटानं बाहेरून चाचपली.

‘फुगली नाहीये. काही झालं नाहीये हिला.’ तो ओशाळून हसला. ‘पण आता तुमच्या नवऱ्याची गोळी हिच्या पोटात राहून गेली म्हटल्यावर मी दुसऱ्या कुणाला कशी विकू?’

‘मी घेतेच आहे,’ ओलेटा म्हणाली. ‘दस्ता माझ्या मापाचा आहे.’

ट्रकपाशी लव्हॉननं विचारलं, काय झालं. हार्लन म्हणाला, ‘नवी बंदूक. जरा अडली.’ कुकोनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. हार्लन दुपारी गॅरेजमध्ये आला तो गोळ्या काढायच्या दोन हातोड्या घेऊन. काडतूस हातोडीच्या पोकळ डोक्यात बसवायचं, जमिनीवर आपटायचं, की गोळी सुटते, दारू सुटते, टोपीसकट पुंगळी मागे राहते. दोघं बाकाच्या दोन बाजूंना बसले. ठक्. ठक्. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. दारू एका परातीत जमत गेली, गोळ्या केकच्या साच्यात. बरीच काडतुसं बरोबर होती. मधूनच एखादं रिकामं निघे. एकात दारू दुप्पट निघाली. हार्लननं ती परातीत ओतली.

‘मीठसुद्धा असंच टाकायचा तो,’ ओलेटा म्हणाली. ‘दोनदा, नाहीतर नाहीच.’

‘बहुतेक बरोबर आहेत की.’

‘हो. बहुतेक.’

तिन्ही डबे रिकामे झाले. हार्लननं परातीतली दारू बाहेर वाळूवर ओतून पेटवली. ती आवाज न करता भडकली आणि विझली. मग तो आत आला. मान खाली घालून ओलेटा यंत्राच्या दांड्याकडे बघत होती.

‘दाखव,’ ती म्हणाली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती निळा झगा घालून रांगेत उभी राहिली. झगा बहिणीचा होता, कमरेला टाके घातलेला. लव्हॉननं विचारलं, ‘नाव काय घेतलंस?’ ओलेटा म्हणाली, ‘सुचलं नाही अजून.’

बंदुका भरायच्या टेबलाशी लव्हॉनच बसली होती. तिथं बसणाऱ्यानं प्रत्येकाची काडतुसं बघायची, मोजायची. लव्हॉननं एक उचललं. सपाट तोंड, खाली खांदा. तिनं ओलेटाकडे पाहिलं.

‘ही काकवीचीच ना?’

‘गोळी त्याची,’ ओलेटा म्हणाली. ‘माप माझं.’

दर पुंगळीत तिनं छोट्या विजेरीनं वाकून बघितलं होतं. हे तिनं सांगितलं नाही. लव्हॉननं काडतुसं परत दिली.

फळीपाशी टायमर हार्लनकडे होता. ‘तयार?’ तो म्हणाला. तिनं मान डोलावली. टायमर वाजला.

ती सावकाश झाडत होती, जवळजवळ काकवीसारखी. रायफल किरकिरली, पण महिनाभराच्या संध्याकाळी तिला लागू पडल्या होत्या. ओलेटाचे ओठ हलत होते. गाणं मोठ्यानं म्हणायची सवय तिला नव्हती. एक पाटी चुकली. दूर उभ्या कुकोनं बोट वर केलं. सहावा आवाज नीट झाला. सातवा झाला, आठवा झाला. हार्लनचा हात तिच्या खांद्यामागे, बोटभर वर, अधांतरी होता.

नऊ. दहा.

तिनं लिव्हर उघडी ठेवून रायफल फळीवर ठेवली, नळी बांधाकडे. धूर ओढ्याच्या वळणापर्यंत गेला.

हार्लननं हात खाली घेतला आणि तो कुठं ठेवायचा ते न कळून खिशात घातला. ओलेटा पुंगळ्या वेचायला वाकली.