पिल्लू कुणाचं

ताईनं हातमोजा काढला, मुखवटा कपाळावर सरकवला आणि मासा नुसत्या हातानं पुढे धरला. पाणमांजराचं पिल्लू कोपऱ्यातून टकामका बघत राहिलं.

"ये की गं बाई. मी काय खाते का तुला?"

खरं तर बोलायचीच मनाई होती. या केंद्रात अनाथ पिल्लांना माणसाचा चेहरा दिसू द्यायचा नाही, आवाज ऐकू द्यायचा नाही. माणसाची भीती राहिली तरच ती पुढे नदीवर जगतात. नियम ताईनंच घालून दिलेला. पण गेल्या वर्षी भावाचं लग्न झालं, भावजयही याच कामातली निघाली, आणि तिची चाहूल लागली की हे पिल्लू दाराशी धावायचं. मुखवटा तोच, झगा तोच, तरी तिलाच बरं ओळखायचं! ताई दूध घेऊन गेली की महाराणी पाठ फिरवणार. ताईच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"तुमच्यावर रुसलंय वाटतं, ताई," भावजय एकदा सहज म्हणाली होती. ते ताईच्या जिव्हारी लागलं.

हळूहळू पिल्लू तिच्या हातून मासा घेऊ लागलं. मग मांडीवर झोपू लागलं. ताईनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

सोडण्याआधी परीक्षा असते. नदीकडचं दार उघडं ठेवायचं आणि सांभाळणाऱ्या प्रत्येकानं एकेक करून मुखवट्याशिवाय आत जायचं. पिल्लू घाबरून पळालं, की सुटलं. भावजय आधी गेली. तिचा चेहरा पाहताच पिल्लू फिस्कारलं आणि दाराकडे पळत जाऊन उंबऱ्यावर थबकलं. भावजयीचा चेहरा खुलला.

"आता तू, ताई," भाऊ म्हणाला.

काय होणार ते ताईला ठाऊक होतं. डोकं दुखतंय म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती आत गेली.

पिल्लू उंबऱ्यावरून मागे फिरलं. धावत येऊन तिच्या पायावर चढलं.

"कधीपासून, ताई?" भावानं विचारलं. "आता हे जन्मभर पिंजऱ्यातच राहणार."

ताईनं आधी भावजयीकडे पाहिलं. तिथे हेवा औषधालाही नव्हता. ती पिल्लाकडे बघत रडत होती.

ताईनं पिल्लाला पायावरून ढकललं, दाराकडे वळवलं, जोरात पाय आपटला.

"जा. जा म्हणते ना."

पिल्लाला तो खेळ वाटला. ते उड्या मारत परत आलं. भावानं सावकाश दार लावून घेतलं.