पिळाची काठी

मी एक जुनी काठी आहे आणि अजिबात सरळ नाही, हे आधीच सांगून टाकते. खालपासून वरपर्यंत माझ्या अंगावर पिळाची खाच आहे. मित्रांनो, हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

सुरगाण्याच्या रानात मी धामणीचं कोवळं रोप होते. तेव्हा एक कंदाचा वेल मला बिलगला. मला वाटलं, सोबत झाली. कसली सोबत नि काय! दर पावसाळ्यात नवा वेल जुन्याच वाटेने चढायचा आणि मला आवळायचा. त्याचा कंद म्हणजे विखार. चवीला कळत नाही, पण पोटात गेला की भोवळ येते, लहान पोरं तर दगावतात.

रानात कंद उकरून पोट भरणाऱ्या कुसाबाईने मला तोडलं, तेव्हा तो वाळका वेल माझ्या अंगावरच होता. तिने तो सावकाश उलगडला, तर खाली त्याच्याच पिळाची खाच. "वैऱ्याची वळख राहू दे अंगावर," ती म्हणाली आणि कंद उकरायला माझं टोक निखाऱ्यात भाजून कडक केलं. गुराखी मला बघून हसायचे. मला फार राग यायचा.

पुढे कुसाबाईच्या डोळ्यांवर पडदा आला आणि मी नुसती टेकायची काठी झाले.

एकोणीसशे चौतीस-पस्तीस सालचा चैत्र असावा. घरातली नागली संपली होती. तिची सून बायडाबाई डोंगरापलीकडे, कधी न गेलेल्या जागी गेली आणि पाटीभर कंद घेऊन आली. त्या दिवसांत वेलावर ना पान ना फूल. दोन दिवस पातळ पेजेवर काढलेली पोरं चुलीपाशीच बसली. बायडाबाईने काप करून मडक्यात टाकले आणि कंदाबरोबर आलेले वाळके वेल जाळायला घेतले.

"कसला कंद हाय गं?" कुसाबाईने विचारलं.

"कंदासारखा कंद, आत्या. पोरं भुकेली हायत."

नाशकात जडीबुटी विकणारे बद्रुद्दीन त्या दिवशी औषधी मुळ्या घ्यायला घरी आले होते. त्यांच्याजवळ सुकवलेल्या पानांची जाडजूड वही होती. कुसाबाईने त्यांना विचारलं.

"पान दाखवा, नाव सांगतो," ते म्हणाले.

"चैतात पान कुठून आणू, बाबा?"

ती चाचपडत चुलीपाशी गेली आणि सरपणातून वेलाचं एक वेटोळं उचललं. एक बोट त्याच्यावरून फिरलं, दुसरं माझ्या खाचेवरून. दोन्हींचे पीळ उजवीकडून डावीकडे वर चढत होते.

"बायडे, मडकं उतरव. त्योच वैरी हाय."

"आत्या, तुम्हाला दिसत नाय."

बद्रुद्दीनही हसले. "आजी, काठी उलटी धरली की पीळही उलटा होणार. यावर काय भरवसा?"

"मग धरा की उलटी."

त्यांनी मला उलटं धरलं. खाच उजवीकडून डावीकडेच चढत होती. त्यांनी मला पुन्हा सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं. पीळ काही बदलेना. त्यांनी वही मिटून ठेवली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

बायडाबाईने मडकं उतरवलं. थोरली मुलगी रडू लागली. बद्रुद्दीननी आपल्या शिदोरीतलं पीठ काढून दिलं आणि त्या दिवशी त्याच्याच भाकरी झाल्या. विष उतरावं म्हणून काप तीन दिवस झऱ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवले, पुन्हा उकडले, मगच खाल्ले.

पीळ वेगळा म्हणजे कंद खायचा, असं मात्र कुसाबाई कधी म्हणाली नाही. तो फक्त एका वैऱ्याची ओळख सांगतो. बाकीच्या खुणा ज्याच्या त्याने शिकायच्या.

आता कुसाबाई नाही. तिच्या आठवणीने माझ्या जिवाला अजून लागतं. वाकडी म्हणून मला कुणीतरी सरपणात टाकलं होतं. बायडाबाईने मला बाहेर ओढलं आणि थोरलीच्या हातात दिलं.

"डोळे मीट," ती म्हणाली, "आणि बोट फिरव."

मित्रांनो, माझ्यासारखी वाकडी काठी हाती आली, तर चुलीत घालण्याआधी तुम्हीही एवढं करा.